डावीकडून जरा कमी

भालूभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. फोन पोपटरावांचा, भाऊजींच्या कंपनीतल्या जुन्या सोबत्याचा. आधी ते नुसतेच धापा टाकत राहिले, मग म्हणाले, "वैनी, टेंपोवाल्यानं हॉर्न मारला वो. दोनदा मारला. म्या रस्त्याच्या ह्या अंगाला चहाच्या टपरीवर व्हतो, मला ऐकू आला. भालूनं वळूनसुदिक न्हाई बघितलं." कुठे, कसं, किती लागलं, हे सगळं मागाहून कळलं. पहिल्यांदा कळला तो हॉर्न. आज सहा आठवडे होऊन गेले, भेटायला येणारा जो तो म्हणतो, "काय करणार, वेळ आली होती." मी मान हलवते, चहा टाकते. वेळ आली असेलही, पण ती आणण्यात माझाही थोडा हात आहे, आणि हे मी एका माणसाला सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. आता सगळ्यांनाच सांगते. भाऊजींच्या डाव्या कानाबद्दल मी त्यांच्याशी दीड वर्ष खोटं बोलले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन दापोडीच्या दोन खोल्यांत आले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि मी बावीसची. माझ्याबद्दल सांगायचं तर ती बावीस वर्षांची मुलगी आज माझ्यासमोर आली तर मी तिला दारातूनच परत पाठवीन. गाण्याची एक परीक्षा दिलेली, तीही तिसऱ्या वर्गात पास झालेली. सासरी मात्र चार परीक्षा झाल्यात असं सांगितलेलं. वर मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून गाणं ऐकायची सवय. शेजारून रेल्वे गेली की फळीवरची भांडी थरथरायची, आणि मी म्हणायची, "गाडी आज काळी चारच्या सुरात आहे." कुणाला काय कळतंय! एकदा लग्नात मिळालेल्या ट्रान्झिस्टरवर गाणं लागलं होतं. मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, "ह्या ट्रान्झिस्टरचा षड्ज बसलाय." ह्याचा अर्थ काय, हे मला आजही माहीत नाही. पण पंधरा वर्षांच्या भाऊजींनी ते मनावर घेतलं. तीन दिवस त्यांनी तो ट्रान्झिस्टर उघडून, सुटा करून, पुन्हा जोडून षड्ज शोधला. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर लावला आणि विचारलं, "वहिनी, आता?" मी मोठ्या मनाने म्हटलं, "हं, आता बरंय."

तेव्हापासून त्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं की वहिनींचा कान म्हणजे कान. माझ्या कानाची कीर्ती ही सगळी माझ्याच तोंडाने पसरलेली, पण ऐकणारा एवढा सरळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

पुढे ते आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झाले, काही वर्षं इकडेतिकडे कामं केली आणि तिशीत चाकणजवळ महाळुंग्यात एका प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याला दाबून गाड्यांचे भाग काढणारी घराएवढी मशीन, दर चार सेकंदांनी एक दणका. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. भाऊजी ते दोरीने गळ्यात अडकवायचे आणि तिथेच ठेवायचे, कारण त्यांचा मोठेपणा त्या आवाजातच होता. मशीन कुरकुरलं की भाऊजींना हाक. उजव्या हातात पाना, डाव्या हाताने लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ डाव्या कानाच्या भोकावर दाबायची. डॉक्टर छाती तपासतो तसं. "बेअरिंग गेलंय, मागचं." आणि मागचं बेअरिंगच गेलेलं असायचं. पोपटराव हे त्यांचंच बघून शिकले, त्यांचाही डावाच कान. घरी येऊन भाऊजी हे मोठ्या कौतुकाने करून दाखवायचे, आमच्या मिक्सरवर. आम्ही सगळे हसायचो. अठ्ठावीस वर्षं तो दणका एकाच कानात गेला, ह्याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. निगडीला प्राधिकरणात आम्ही घर बांधलं तेव्हा वरची खोली त्यांची ठरली. ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी आमचे हे गेले. मग मी दुपारची नुसती बसून असायची. टीव्ही लावायची नाही, पुस्तक उघडायची नाही. एक दिवस भाऊजी जिन्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, जरा वर या. तुमच्या कानाचं काम आहे."

वर टेबलावर हे सगळं मांडलेलं. हेडफोन अँप्लिफायर नावाची वस्तू असते हे मला पासष्टीला कळलं. मिठाईच्या पुड्याएवढा डबा. मागून गाणं आत जातं, पुढे हेडफोनची पिन लावायची आणि एक मोठं बटण फिरवायचं. असे दोन डबे. एक काळा, ट्रान्झिस्टरचा, त्याचं खोकं भाऊजींनी कंपनीतल्या पत्र्याच्या तुकड्यांतून स्वतः वाकवलेलं. दुसऱ्यावर काचेच्या दोन नळ्या उभ्या, चालू केल्या की निखाऱ्यासारख्या लाल व्हायच्या. त्याला आम्ही काचवाला म्हणायचो. आणि हेडफोन तीन. मी म्हटलं, "फोनला सरळ लावून ऐकलं तर काय पोटात दुखतं?"

"प्रत्येकाची भूक वेगळी असते, वहिनी. हा मोठा, तीनशे ओहमचा, ह्याला व्होल्टेज लागतं. हा जड, पातळ पडद्याचा, ह्याला करंट. आणि हा तुमच्या मुक्ताचा जुना, बत्तीस ओहमचा. हा कुठेही जेवतो, पण काचवाल्याकडे जेवला की त्याला अजीर्ण होतं."

मुक्ता म्हणजे माझी नात, हिंजवडीला आयटीत आहे. तिला वाटायचं, बिचाऱ्या आजीला काकाआजोबांनी कामाला लावलंय. पण मला मजा यायला लागली होती. मी टेबलाकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसायचं. भाऊजी मागे पिना बदलणार आणि विचारणार, "पहिला की दुसरा?" पहिल्या आठवड्यात मी दर वेळी काळाच उचलला. मान तिरकी करून, अर्थातच. मग भाऊजी हसले. "वहिनी, काळ्याचा आवाज मी एक बोटभर वाढवून ठेवला होता. मोठ्याने बोलतो तो शहाणा वाटतो, ही कानाची खोड आहे." त्यानंतर ते दर वेळी आधी मीटर लावायचे. एक सलग ऊं असा सूर सोडायचा, मीटरच्या दोन तारा टेकवायच्या आणि दोन्ही डब्यांचा आकडा अगदी सारखा करायचा. मगच माझी परीक्षा.

मला त्यांच्या भाषेतले शब्द येत नव्हते, म्हणून मी माझे दिले. काचवाल्यावर मुक्ताचा हेडफोन लावला की डग्गा फुगायचा, मी म्हटलं, "भिजून गोळा झालेला साबुदाणा." काळ्यावर मोठा लावला की सगळं लख्ख, मी म्हटलं, "ताट स्वच्छ घासलंय हो, पण वाढलंय कुठे?" भाऊजी हे वहीत उतरवून घ्यायचे, गंभीर चेहऱ्याने. आणि एका दुपारी काचवाल्यावर तो मोठा हेडफोन लागला. जुनं रेकॉर्डिंग होतं, एक बाई संथ काहीतरी गात होत्या, मी शंभरदा ऐकलेलं. दोन ओळींच्या मध्ये त्यांनी श्वास घेतला. लहानसा, घाईचा... आणि तो माझ्या मानेपाशी लागला. मी ताडकन वळले आणि म्हटलं, "अहो, बाई जिवंत आहे!" भाऊजींनी वही खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. हे गेल्यापासून त्या घरात मी मोठ्याने बोलण्याची ती पहिली वेळ होती, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. त्या दिवशी मी मान तिरकी केली नव्हती. ते मला खरंच ऐकू आलं होतं, एवढं मी शपथेवर सांगीन.

म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. भाऊजींनी बोलावलं तेव्हा काचवाला डबा उघडा पडलेला, मीटर चालू. ते म्हणाले, "वहिनी, डावीकडून जरा कमी येतंय का बघा." मी मोठा हेडफोन चढवला. दोन्हीकडून सारखं येत होतं. तंबोरा मधोमध, जिथे असायला हवा तिथे. मी मीटरकडे बघितलं. डावीकडचा आकडा आणि उजवीकडचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत तोच. मग मी भाऊजींकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर हातात धरून ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. दापोडीच्या खोलीत ट्रान्झिस्टर जोडून उभे राहायचे ना, तसे. मी म्हटलं, "हो. कमी आहे जरा."

त्यांनी केवढा मोठा श्वास सोडला! "मला वाटलंच. मीटर गंडलाय." आणि दुसऱ्या दिवशी नवा मीटर आणला.

त्या दिवशी गॅसवर दूध होतं, मला खाली जायची घाई होती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. दूध होतं हे खरं. पण घाईत माणूस खरंही बोलू शकतो. मी खोटं बोलले ते त्यांच्या तोंडाकडे बघून, आणि नंतर त्यात मी चांगलीच मुरले. नव्या मीटरनेही सारखाच आकडा दाखवला. मग नळ्या बदलल्या. "आता?" "किंचित बरं आहे." मग वायर. मग हेडफोनच्या गाद्या. "आता?" "सुधारलंय, पण अजून पूर्ण नाही." काय तो माझा आवाज, काय ते डोळे मिटणं! सत्तरीच्या म्हातारीने बावीस वर्षांच्या त्या आगाऊ पोरीला पुन्हा अंगात घेतलं होतं. मला वाटायचं, मी त्यांना जपते आहे. कान गेला म्हटल्यावर हा माणूस जगणार कशावर?

घरात खुणा दिसत होत्या. जेवायला बसताना ते माझ्या डाव्या हाताला सरकून बसायला लागले, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडे यावा. मी काही न बोलता माझं ताटच पलीकडे नेलं, त्यांना सरकायला लागू नये म्हणून. दाराची बेल त्यांना ऐकू येईना, तर मी "आज बेल बिघडलीय वाटतं" म्हणायची. मुक्ताने एकदा विचारलं, "काकाआजोबा टीव्ही एवढा मोठा का लावतात?" मी म्हटलं, "प्रेस शॉपमधला माणूस, त्याला शांततेची सवय नाही." पोरगी हसली. मीही हसले.

भाऊजी गेले त्या दिवशी सकाळी ते लवकर आवरून जिन्यात आले. महाळुंग्याला एका भंगारवाल्याकडे जुन्या मशीनमधला ट्रान्सफॉर्मर आला होता, पोपटरावांनी कळवलं होतं. "वहिनी, एवढा बसवला की डावी बाजू सुटलीच म्हणून समजा." मी ओट्याशी होते. म्हटलं, "चहा घेऊन जा, भाऊजी." ते माझ्याकडे डावी बाजू करून चपला घालत होते. चपला घातल्या, पिशवी घेतली, गेले. मी पुन्हा हाक मारली नाही. मला माहीत होतं का ऐकू आलं नाही ते, आणि ते ओरडून सांगायची मला लाज वाटली...

दिवसकार्य झाल्यावर मी मुक्ताला सहज विचारल्यासारखं विचारलं, "हेडफोन एका बाजूने कमी वाजला तर दोष डब्याचा की कानाचा, हे ओळखतात कसं गं?"

"उलटा घालायचा, आजी. डावा उजवीकडे. कमी आवाज बाजू बदलून पलीकडे गेला तर दोष वस्तूचा. नाही गेला तर कानाचा. पाच सेकंदांचं काम."

पाच सेकंद. आणि भाऊजी आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होते. तारा उलटसुलट करून दोष शोधण्यात त्यांचा जन्म गेला. ते हेडफोन उलटा घालून बघणार नाहीत? पहिल्याच दिवशी बघितला असणार, मला वर बोलावण्याच्या आधी. म्हणजे त्यांना मीटरने सांगितलं होतं, उलट्या हेडफोनने सांगितलं होतं. राहिले होते फक्त वहिनींचे कान. मी "सारखं आहे" म्हटलं असतं तर ते दोन दिवस गप्प बसले असते, मग डॉक्टरकडे गेले असते. कानामागे छोटं मशीन आलं असतं. मी त्याला नाव ठेवलं असतं, त्यांनी ते वहीत लिहिलं असतं. माझ्या एका शब्दावर त्यांनी दोन मीटर खोटे पाडले. असा विश्वास माझ्यावर आमच्या ह्यांनीही कधी ठेवला नाही.

गेल्या पंधरवड्यात पोपटराव आले. भालूची आठवण म्हणून एक डबा मिळेल का, म्हणाले. मी त्यांना वर नेलं, काळा चालू केला, मोठा हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग डावीकडच्या गादीवर दोन टिचक्या मारल्या.

"वैनी, ह्या अंगानं कमी येतंय का वो?"

मी म्हटलं, "उलटा घाला."

त्यांनी घातला. "न्हाई. अजून डावीकडनंच कमी. डबा लईच येडा हाय."

"डबा ठीक आहे, पोपटराव. मीही ऐकलाय. दोन्हीकडून सारखं येतं."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, जरा जोरातच. "म्हंजी मला भैरा म्हनताय व्हय? टेंपोचा हॉर्न म्याच ऐकला व्हता, ध्यानात हाय ना?" डबा न घेता, चहा न घेता गेले. फोन केला तर त्यांच्या मंडळी म्हणायच्या, शेतात गेलेत. महाळुंग्यात आता शेत उरलंय कुठे? तिसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि कंपन्यांच्या भिंतींमधून वाट काढत त्यांच्या दारात जाऊन बसले. पोपटराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, उगं तरास नका घेऊ." मी म्हटलं, "मला बसायला त्रास होत नाही. उठायला होतो." त्यांच्या मंडळींनी चहा आणला. तो घेता घेता मी पोपटरावांना सगळं सांगितलं. मीटर, नळ्या, "किंचित बरं आहे," सगळं. त्या ट्रान्सफॉर्मरची गरजच नव्हती, हेही.  पोपटरावांनी कपातली साय बोटाने काढून बशीच्या कडेला लावली. मग म्हणाले, "तुमी एवढं खोटं बोलला, आन् म्या बोलावलं की भालू निघून यायचा..." मला वाटलं, आता हा माणूस मला घालवून देणार. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. "चला. पर दवाखान्यात माझ्यासंगं आत यायचं. मला एकट्याला न्हाई जमायचं."

चिंचवडच्या त्या दवाखान्यात काचेची एक छोटी खोली आहे. पोपटराव आत बसले. तिथल्या मुलीने त्यांच्या कानांवर हेडफोन घातला आणि सांगितलं, "आजोबा, बारीकसा जरी आवाज आला तरी हात वर करायचा." मला काचेबाहेर खुर्ची दिली. आतला आवाज बाहेर येत नव्हता. आधी उजवा कान. पोपटरावांचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग मुलीने बटण बदललं आणि म्हणाली, "आता डावा."

पोपटराव डोळे मिटून, अंग आवळून बसले. मुलगी एक बटण हळूहळू फिरवत होती. पोपटरावांचा हात मांडीवर होता. ती आणखी फिरवत गेली. हात मांडीवरच. एकदा त्यांनी डोळे उघडून काचेतून माझ्याकडे बघितलं, आता आला का, असं विचारल्यासारखं. माझा उजवा हात खुर्चीवरून उचलला गेला होता, खांद्यापर्यंत आला होता. तो मी खाली ओढला, मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिले.